कोरडे डोळे असताना कॉन्टॅक्ट लेन्सची सवय : शिरूर-दौंडकरांसाठी माहिती

निकाहची तारीख ठरली की घरात हळूच एक विषय निघतो, "चष्मा काढ आणि लेन्स लाव की." मुलगी लेन्स आणते आणि दोन दिवस लावते. तिसऱ्या दिवशी डोळे लाल होतात, चुरचुरतात, पाणी यायला लागतं. मग खाला, फुफी सगळ्या मिळून निकाल देतात की हिच्या डोळ्यांना लेन्स सूट होत नाही. रांजणगाव एमआयडीसीत शिफ्ट करणारी मुलं आणि दौंडहून रोज रेल्वेने पुण्याला अप-डाऊन करणारे हेच सांगतात. कधी कधी लेन्स खरंच सूट होत नाही. पण बऱ्याचदा डोळे आधीपासूनच कोरडे असतात आणि ते कुणी तपासलेलंच नसतं.

डोळे कोरडे असले तरी लेन्स वापरता येतात का? अनेकांना येतात. फक्त क्रम चुकवायचा नाही. आधी कोरडेपणा तपासून आटोक्यात आणायचा, मग डोळ्याला जमेल अशी लेन्स निवडायची आणि मग लावण्याचे तास हळूहळू वाढवायचे. आमच्यापैकी एकाने हा क्रम उलटा केला होता. चष्म्याचा नंबर दुकानात सांगून लेन्स घेतली आणि दुसऱ्याच दिवशी ती लावून मोटारसायकलवर शिरूरहून रांजणगाव गाठलं. त्याचे पुढचे दहा दिवस गडद चष्म्यात गेले.

पाणी येतं, मग डोळे कोरडे कसे?

हा प्रश्न घरोघरी विचारला जातो. डोळ्यावर अश्रूंचा एक पातळ थर कायम पसरलेला असतो. त्यात सर्वात खाली चिकट द्रव असतो, त्यामुळे पाणी डोळ्याला धरून राहतं. मध्ये पाणी आणि सर्वात वर तेलाचा अगदी बारीक पापुद्रा. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून येतं आणि खालचं पाणी उडून जाऊ देत नाही. या ग्रंथी तुंबल्या की पाणी असूनही ते टिकत नाही, भराभर सुकतं. डोळा खुपायला लागतो आणि मग शरीर घाईघाईने भरपूर पाणी सोडतं, कांदा चिरताना सोडतं तसं. हे पाणी गालावर ओघळतं, पण डोळ्यावर थर धरत नाही. म्हणून ज्याच्या डोळ्यातून वाऱ्यात सारखं पाणी येतं, त्याचे डोळे कोरडे असण्याची शक्यता बरीच असते.

आता या थराच्या मधोमध लेन्स बसते. थराचे दोन भाग होतात, एक लेन्सच्या वर आणि एक खाली. वरचा थर आणखी पातळ होऊन लवकर सुकतो. चांगल्या डोळ्याला हे झेपतं, कारण पापणी लवली की थर पुन्हा पसरतो. कोरड्या डोळ्याकडे मुळात शिल्लकच कमी असते.

मऊ लेन्स कशी बनली हे कळलं की पुढची गोष्ट लवकर समजते. १९६१ मध्ये ओटो विख्टरले या चेक रसायनशास्त्रज्ञाने घरच्या टेबलावर, मुलांच्या खेळण्यातले सुटे भाग आणि सायकलचा डायनमो जोडून मऊ लेन्स तयार करायचं यंत्र बनवलं. त्याने वापरलेला पदार्थ पाणी पिऊन मऊ होणारा होता. आजही साध्या मऊ लेन्समध्ये बरंच पाणी असतं. कोरड्या हवेत ते उडायला लागलं की लेन्स ते डोळ्यातूनच ओढून घेते. म्हणून "जास्त पाणी असलेली लेन्स म्हणजे कोरड्या डोळ्यांना चांगली" ही समजूत चुकीची आहे. कोरड्या डोळ्यांसाठी डॉक्टर अनेकदा कमी पाण्याची सिलिकॉन हायड्रोजेल लेन्स सुचवतात. तिच्यातून हवाही जास्त जाते. बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात, म्हणजे कॉर्नियात, रक्तवाहिन्या नसतात. त्याला लागणारा प्राणवायू थेट हवेतून मिळतो, त्यामुळे हवा जाणं फार महत्त्वाचं आहे.

आपल्या भागाची हवा

शिरूर आणि दौंड दोन्ही तालुके पर्जन्यछायेत आहेत. घोड आणि भीमा नदीकाठचा ऊस हिरवा दिसतो खरा, पण मार्च ते मे दुपारची हवा अगदी कोरडी असते आणि वाऱ्याबरोबर माती उडते. कारखान्यांचा आणि गुऱ्हाळांचा हंगाम सुरू झाला की धूर आणि जळक्या पाचटाची काजळी हवेत येते. नगर रस्ता आणि सोलापूर रस्ता दोन्हींवर ट्रकची धूळ असतेच. एसटीत किंवा रेल्वेत खिडकीची जागा मिळाली म्हणून आपण खूश होतो, पण तासभर तोंडावर आलेला वारा डोळ्यातलं पाणी उडवून नेतो. पुण्यातल्या ऑफिसात एसी आणि समोर कॉम्प्युटर. माणूस एरवी मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी लववतो. मोबाईल किंवा स्क्रीनकडे बघताना हे प्रमाण निम्म्याहूनही खाली येतं. हे सगळं एका दिवसात जमा झालं की संध्याकाळी लेन्स डोळ्यात खड्यासारखी टोचते.

कुरकुंभसारख्या रासायनिक कारखान्यांत किंवा वेल्डिंगवर काम करणाऱ्यांनी ड्युटीवर लेन्स लावायच्या की नाही, हे कंपनीच्या सेफ्टी अधिकाऱ्याला विचारूनच ठरवावं. लेन्स म्हणजे गॉगल नव्हे. ती डोळ्याचं धूळ-ठिणगीपासून रक्षण करत नाही. रसायन उडालं तर आधी भरपूर पाण्याने डोळा धुवायला सुरुवात करायची. लेन्स शोधत बसायचं नाही, ती धुताना सहज निघाली तर काढायची. उसात काम करणाऱ्यांना तर आम्ही स्पष्टच सांगू की शेतात चष्माच बरा. पाचटाचं पातं डोळ्याला लागून बुरशीचा संसर्ग होणं हे आपल्याकडचं जुनं दुखणं आहे. लेन्सखाली ते झालं तर उशिरा लक्षात येतं.

तपासणीत काय बघतात

चष्म्याच्या दुकानात नंबर निघतो. कोरडेपणा तपासायला बहुधा नेत्रतज्ज्ञ किंवा लेन्सचं काम करणारे ऑप्टोमेट्रिस्ट लागतात. तपासण्या साध्या आहेत आणि दुखत नाहीत. एकीत डोळ्यात पिवळा रंग घालून निळ्या उजेडात बघतात की पापणी न लववता अश्रूंचा थर किती सेकंदांत फाटतो. १० सेकंदांच्या आत फाटला तर थर टिकाऊ नाही असं धरतात. दुसरीत खालच्या पापणीत कागदाची बारीक पट्टी अडकवून ५ मिनिटं थांबतात. पट्टी ५ मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर कोरडेपणा बराच आहे. पिवळा रंग मऊ लेन्समध्ये कायमचा शिरतो, म्हणून तपासणीला जाताना लेन्स लावू नका. चष्मा घालून जा आणि रंग धुऊन निघेपर्यंत लेन्स लावायची नाही हेही लक्षात ठेवा.

डॉक्टरांना सगळी औषधं सांगा. सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या, मुरमांसाठीची आयसोट्रेटिनॉइन, नैराश्याच्या काही गोळ्या, कुटुंबनियोजनाच्या गोळ्या यांनी डोळे कोरडे पडू शकतात. शादीआधी मुरमांची गोळी आणि लेन्स एकदमच सुरू होतात, हे आपल्याकडे बऱ्याच घरांत घडतं आणि दोन्हींचा संबंध कुणी लावत नाही. मधुमेह, थायरॉइड, संधिवात असेल तर तेही सांगा. पाळी थांबण्याच्या वयातल्या बायकांमध्ये कोरडेपणा जास्त दिसतो. डोळ्यांबरोबर तोंडही सारखं कोरडं पडत असेल आणि सांधे दुखत असतील तर ते वेगळ्या आजाराचं लक्षण असू शकतं, ते दडवू नका.

तालुक्यात ही सोय मिळाली नाही तर पुणं फार दूर नाही. दौंडहून रेल्वेने येणाऱ्यांना ससून रुग्णालय पुणे स्टेशनच्या शेजारीच आहे. सोलापूर रस्त्याने येणाऱ्यांना हडपसरजवळ मोहम्मदवाडीला एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे.

लेन्सच्या आधीचे दोन-तीन आठवडे

कोरडेपणा निघाला तर डॉक्टर बहुधा लगेच लेन्स देत नाहीत, आधी डोळे तयार करायला सांगतात. रोज कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ कापड मिटलेल्या पापण्यांवर ५ ते १० मिनिटं ठेवायचं आणि ते गार झालं की पुन्हा कोमट करायचं. मग बोटाने पापणीच्या कडेकडे हलक्या हाताने मालिश. तुंबलेलं तेल यामुळे मोकळं होतं. हे फुकटचं काम आहे आणि लोक नेमकं हेच करत नाहीत, थेंबांची बाटली मात्र रोज वापरतात. थेंबही लागतात, पण डॉक्टरांना विचारून. शक्यतो प्रिझर्वेटिव्ह नसलेले, कारण बेंझाल्कोनियम क्लोराइड हा नेहमीचा प्रिझर्वेटिव्ह मऊ लेन्समध्ये मुरतो आणि दिवसभर डोळ्याला लागत राहतो. असे थेंब घातले असतील तर निदान १५ मिनिटांनी लेन्स लावावी. लेन्स डोळ्यात असताना फक्त लेन्सवर चालणारे थेंब घाला, बाटलीवर तसं लिहिलेलं असतं.

ओमेगा-३ च्या कॅप्सूलबद्दलही लोक विचारतात. अमेरिकेत २०१८ मध्ये एका मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात वर्षभर माशांचं तेल घेणाऱ्यांना आणि साधं ऑलिव्ह तेल घेणाऱ्यांना जवळपास सारखाच फरक पडला. मासे आवडत असतील तर जरूर खा, महागड्या कॅप्सूलची घाई नको.

गुलाबजल, मध, एरंडेल, आईचं दूध यांतलं काहीही डोळ्यात घालू नका. झमझम मोठ्या अदबीने प्या, पण लेन्सवर घालू नका. लेन्सला कुठलंच पाणी चालत नाही. मेडिकलमधून "लाल डोळ्याचे थेंब" आणणं तर सर्वात धोक्याचं, कारण त्यांत कधी कधी स्टेरॉइड असतं. बुरशीचा संसर्ग असेल तर स्टेरॉइडने तो भडकतो, आणि जास्त दिवस घातलं तर काचबिंदू होऊ शकतो.

सवय कशी लावायची

लेन्सचा नंबर चष्म्याच्या नंबराएवढाच असेल असं नाही. साधारण ४ च्या वरच्या नंबरात फरक पडतो. शिवाय लेन्सचा गोलावा आणि रुंदी डोळ्याला बसावी लागते, म्हणून मैत्रिणीची लेन्स किंवा ऑनलाइन मागवलेली नुसत्या नंबराची लेन्स नको.

कोरड्या डोळ्यांना परवडत असेल तर रोज नवी काढून रात्री टाकून द्यायची लेन्स सर्वात सोयीची. तिच्यावर मळ साठत नाही आणि सोल्युशनमधल्या रसायनांचा त्रास होत नाही. खर्च जास्त आहे हे खरं. पण ज्यांना फक्त जुम्मा, शादी, इंटरव्ह्यू अशा दिवशीच लेन्स हवी असते, त्यांना हिशोब केला तर तीच स्वस्त पडू शकते. महिन्याची लेन्स म्हणजे पाकीट उघडल्यापासून ३० दिवस. ३० वेळा वापर असा त्याचा अर्थ होत नाही.

पहिले दोन दिवस सकाळी घरीच दोन तास लावा. मोटारसायकल नको, चूल नको, मोबाईल कमी. त्रास नसेल तर दर दोन दिवसांनी एक तास वाढवा. डोळे नीट असणारे लोक याहून भराभर पुढे जातात, आपण जाऊ नये. दोन आठवड्यांनी डॉक्टरांना लेन्स घालून दाखवा, म्हणजे ती कशी बसली आहे ते दिसेल. कोरडे डोळे असलेल्या बऱ्याच लोकांची मर्यादा सहा ते आठ तासांवर थांबते. तिथे थांबण्यात काही कमीपणा नाही. ऑफिसात लेन्स आणि परतीच्या गाडीत चष्मा अशी वाटणी अनेकजण करतात.

त्रास सवयीचा आहे की कोरडेपणाचा, हे ओळखायची एक खूण आहे. लेन्स लावल्या लावल्या काहीतरी आहे असं वाटतं, पण अर्ध्या तासात कमी होतं आणि रोज आणखी कमी होत जातं, तर ती सवय लागत आहे. सकाळी ठीक, दुपारी चुरचुर, संध्याकाळी कधी एकदा काढतो असं होतं आणि रोज ते लवकर सुरू होतं, तर हा कोरडेपणा आहे. तो सहन केल्याने जात नाही. तास कमी करा आणि डॉक्टरांना लेन्सचा प्रकार बदलता येईल का विचारा. लेन्स घातल्याबरोबर टोचली तर ती उलटी आहे का बघा. बोटावर ठेवल्यावर वाटीसारखी दिसली तर सुलटी, कडा बाहेर वळल्या तर उलटी.

फारच कोरडे डोळे असणाऱ्यांसाठी स्क्लेरल लेन्स हा वेगळा प्रकार आहे. ही मोठी लेन्स डोळ्याच्या पांढऱ्या भागावर टेकते, आणि तिच्या आणि बुबुळाच्या मध्ये सलाइन भरलेलं राहतं. म्हणजे डोळा दिवसभर ओलाव्यातच असतो. हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थान, चेन्नईचं शंकर नेत्रालय इथे हे काम होतं. ती महाग असते आणि बसवायला वेळ लागतो, पण नुसत्या हौसेची वस्तू नाही.

वजू, रोजा, सुरमा

वजूसाठी लेन्स काढावी लागत नाही, कारण डोळ्याच्या आतला भाग धुणं वजूत किंवा गुसलमध्ये जरुरी नाही. अडचण आरोग्याची आहे. नळाच्या, बोअरच्या आणि हौदाच्या पाण्यात ॲकँथमिबा नावाचा सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सखाली शिरला तर बुबुळाचा फार चिवट संसर्ग होतो, उपचार महिनोनमहिने चालतात आणि नजर जाऊ शकते. म्हणून चेहऱ्यावर पाणी घेताना डोळे हलकेच मिटा, मग पापण्या कोरड्या रुमालाने टिपा, चोळू नका. लेन्स किंवा तिची डबी नळाखाली कधीही धुवायची नाही. आंघोळीच्या आणि पोहण्याच्या आधी लेन्स काढा.

रोजात डोळ्यात थेंब घातले तर रोजा तुटत नाही, असं हनफी उलमा सांगतात, घशात चव जाणवली तरीही. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिकह अकादमीनेही १९९७ च्या ठरावात डोळ्याच्या थेंबांना रोजा मोडणाऱ्या गोष्टींत धरलेलं नाही. मनात शंका राहत असेल तर आपल्या मशिदीच्या मौलानांना विचारा. थेंब घातल्यावर डोळ्याचा नाकाकडचा कोपरा मिनिटभर बोटाने दाबून धरला तर औषध घशात फारसं उतरत नाही. पण थेंबांपेक्षा मोठा प्रश्न झोपेचा आहे. तरावीहनंतर उशीर, सहरीला उठणं, फजरनंतर "जरा पडतो" म्हणत लेन्ससकट डोळा लागणं. लेन्स लावून झोपल्याने संसर्गाचा धोका सहा ते आठ पटींनी वाढतो असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सांगते. रमजानमध्ये लेन्सचे तास निम्मे करा. उन्हाळी रमजान असेल तर महिनाभर चष्मा लावला तरी काही बिघडत नाही. उमराहच्या विमानातही चष्माच, केबिनची हवा आपल्या एप्रिलपेक्षा कोरडी असते.

सुरमा आणि लेन्स एकत्र नको. सुरम्याची भुकटी लेन्सखाली जाऊन बुबुळ खरवडते, आणि बाजारातल्या बऱ्याच सुरम्यांत शिसं असतं ते वेगळंच. मेकअप करायचा असेल तर आधी लेन्स लावा, मग मेकअप. रात्री आधी लेन्स काढा, मग मेकअप पुसा. मेंदीचे, मिरचीचे, अत्तराचे हात लेन्सला लावायचे नाहीत. नकाब वापरणाऱ्या बहिणींनी एक बघावं. कापड नाकावर सैल असेल तर श्वास वर डोळ्यांकडे जातो आणि डोळे सुकतात. कोविडच्या काळात मास्क वापरणाऱ्यांना हाच त्रास झाला होता. नाकाच्या दांड्यावर कापड नीट बसवलं की फरक पडतो.

शादीच्या घरात पार्लरमधल्या रंगीत लेन्सचा एकच जोड नवरी आणि तिच्या दोन चुलत बहिणी आळीपाळीने लावतात, हे आम्ही ऐकलं आहे. लेन्स कुणाशीही वाटून घ्यायची नाही, एक मिनिटासाठीही नाही. आणि रिश्ता बघायला पाहुणे येणार म्हणून नंबर लपवायला लेन्स लावणं आम्हाला पटत नाही. चष्मा हा ऐब नाही. जो घरात नांदायला जाणार तो नंबर त्या घराला आधीच माहीत असलेला बरा. नाहीतर सासरी गेल्यावर ती मुलगी कोरडे, लाल डोळे घेऊन चौदा-चौदा तास लेन्स लावून बसते, कारण काढायची सोयच राहत नाही.

लेन्स कधी काढायची

सोल्युशन रोज नवं घाला. जुन्यात भर टाकू नका. २००६ मध्ये जगभर फ्युजेरियम बुरशीचे रुग्ण आढळले आणि लेन्सचं एक सोल्युशन बाजारातून परत घ्यावं लागलं. त्या वेळी डबीत उरलेल्या सोल्युशनवर नवं ओतण्याची सवयही धोकादायक असल्याचं दिसलं होतं. डबी रिकामी करून उलटी ठेवून वाळवा, तीन महिन्यांनी बदला. चष्मा नेहमी जवळ ठेवा, आणि तो चालू नंबरचा असू द्या. जुन्या नंबरचा चष्मा असला की माणूस दुखत असूनही लेन्स काढत नाही.

डोळा लाल झाला, दुखला, उजेड सहन होईना, धूसर दिसायला लागलं किंवा बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, तर लेन्स लगेच काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा. "सकाळपर्यंत बघू" म्हणू नका. डोळ्यात फूल पडायला फार दिवस लागत नाहीत. काढलेली लेन्स फेकू नका. डबी आणि सोल्युशनच्या बाटलीसकट सोबत न्या. जंतू कोणता आहे हे तपासायला लॅबला त्याचाच उपयोग होतो.